पाचर, मेख आणि खीळ : सुतारकीच्या शब्दांचे आपण काय केले?

एखाद्याच्या चाललेल्या कामात कुणी अडथळा आणला तर आपण म्हणतो, त्याने मध्येच पाचर मारली. कराराच्या मसुद्यात कुणी अडचणीचे कलम घुसडले, तर म्हणतो मेख मारून ठेवली. चांगले चाललेले काही थांबले, तर त्याला खीळ बसली. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चे दोन भाग (१९४२ व १९४७) चाळताना, पुष्कळ वर्षांपूर्वी, मला एकदम जाणवले की हे तिन्ही शब्द माझ्या वडिलांच्या पेटीतले आहेत आणि पेटीतला त्यांचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे.

वडील सुतार होते. लांब ओंडका चिरताना करवतीने पाडलेली चीर मागून मिटू लागते आणि पाते आवळले जाते. अशा वेळी ते मागच्या बाजूने चिरेत पाचर सारत. पाचर काम अडवण्यासाठी नव्हे, काम पुढे चालावे म्हणून मारायची असते. दुसरीकडे कुसू खाचेत बसवले आणि किंचित ढिले वाटले, तर कुसवाच्या टोकाला चीर देऊन तिच्यात बारीक पाचर ठोकायची. सांधा जन्माचा घट्ट होतो. मेखेचेही तसेच. बसलेल्या सांध्याला आरपार वेज पाडून त्यात लाकडी मेख मारली की चौकट हलत नाही. आणि खीळ ही दोन वस्तू एकत्र धरण्यासाठीच असते. ती निघाली तर काम थांबते, बसली तर नव्हे. म्हणजे सुताराच्या हातात ज्या तीन वस्तू जोडतात, उघडे ठेवतात आणि धरून ठेवतात, त्या तिन्ही लिहित्या मराठीत आडव्या येणाऱ्या झाल्या.

हे कसे झाले असावे? माझे उत्तर साधे आहे. पाचर मारताना पाहणारा माणूस आणि पाचर मारणारा माणूस वेगळे होते, आणि भाषेचा ताबा पाहणाऱ्याकडे होता. बाहेरून बघणाऱ्याला सरळ लाकडात कुणीतरी काहीतरी आडवे ठोकतो आहे एवढेच दिसते. पंचतंत्रातली पाचर उपसणाऱ्या वानराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसून वानर पाचर उपटतो आणि चिरेत सापडून मरतो. ती गोष्ट रचणाऱ्याला पाचरीचे काम नीट माहीत होते. तिथे अनर्थ होतो तो पाचर मारल्याने नव्हे, काढल्याने. आपल्या वाक्संप्रदायाने मात्र वानराची बाजू घेतली.

या लेखात मला सुतारकीच्या शब्दांची यादी द्यायची नाही. याद्या मी केल्या आहेत. लाकडाच्या वखारीत हिशेबनीस म्हणून नोकरी करताना दोन जाड वह्या भरल्या. प्रश्न वेगळा आहे. या शब्दांकडे आपले कोशकार, परिभाषाकार आणि भाषाप्रेमी यांनी कसे पाहिले, आणि त्या पाहण्यात काय निसटले?

कोशकारांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचे ऋण सगळ्यात मोठे आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, अरबीतून की हिंदुस्तानीतून, याची खूणही त्याने जागोजाग केली. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत आला. वाकस, किंकरे, पटाशी, सामता, मोगरी, ओळंबा हे शब्द आज कुणाला शोधायचे तर याच ग्रंथांकडे जावे लागते, आणि त्यासाठी मी त्यांना मनोमन नमस्कार करतो. पण कोश सुतारकीकडे नामांच्या रूपाने पाहतो. ‘सुताराचे एक हत्यार’ किंवा ‘लाकूड तासण्याचे एक हत्यार’ या धर्तीची व्याख्या बरोबर असते आणि निरुपयोगीही असते. किंकरे आणि पटाशी दोन्ही ‘एक हत्यार’च. पटाशी रुंद व चपट्या पात्याची, पृष्ठभाग साफ करणारी आणि कडा काढणारी. किंकरे अरुंद व जाड, मोगरीचे घाव सोसत खोल खाच पाडणारे. पटाशीला किंकऱ्याचे काम दिले तर ती मोडते. कोशात मात्र दोघी-तिघी एकाच ओळीत मुकाट उभ्या असतात.

खरी संपत्ती क्रियापदांत आणि बारीक भेदांत आहे. सुतार जे बनवतो त्याची नावे गिऱ्हाइकालाही येतात. तो जे काढून टाकतो त्याची नावे फक्त त्यालाच लागतात. फळीच्या कडेशी उघडी असते ती खाच. लांबवर जाणारी, दुसऱ्या फळीची कड जिच्यात सरकते, ती खोबण. बारीक, पात्याएवढी, ती झिरी. गिरमिटाने आरपार पाडलेला तो वेज. लाकडाने स्वतःहून दिली ती चीर. आणि दोन फळ्या नीट भिडल्या नाहीत म्हणून राहिली ती फट. तिची जबाबदारी लाकडाची नाही, सुताराची. ‘फट राहिली’ हे वडिलांच्या तोंडून दुसऱ्याच्या कामाबद्दल निघालेले सर्वांत कडक वाक्य. खाच, खोबण, झिरी, वेज, चीर, फट: सहा प्रकारची पोकळी, सहा वेगळी नावे, आणि कोण कशाला जबाबदार याचा हिशेब त्या नावांतच.

लाकडाच्या वागण्याचेही तसेच. कोकणात आषाढ लागला की दारे फुगतात आणि चौकटीत अडतात; मार्गशीर्षात तीच आक्रसतात. ओली फळी उन्हात पडली तर उलते. एका बाजूने लवकर वाळली तर तिला बाक येतो. कोपऱ्याकोपऱ्यांतून वेगवेगळी ओढ बसली तर पीळ पडतो. बाक आलेली फळी पाण्याचा हात देऊन आणि वजन ठेवून पुष्कळदा सरळ होते. पीळ पडलेली होत नाही, ती कापून लहान कामाला घ्यावी लागते. म्हणजे बाक आणि पीळ यांतला फरक हा शब्दांचा नाद नव्हे, पैशाचा आहे. वखारीत माझ्यासमोर या एका फरकावरून सौदे मोडलेले आहेत. दोन्हींवर ‘विरूपण’ अशी एकच छत्री धरली की छत्री दिसते भारदस्त, पण खाली कोण उभे आहे ते कळत नाही.

इथे परिभाषाकारांकडे यावे लागते. मराठीत शब्द घडवण्याची परंपरा जुनी. शिवकाळातल्या ‘राज्यव्यवहारकोशा’चे दहा वर्ग राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत जातात आणि त्यांच्या नावांवरूनच कळते की नजर दरबाराकडून गावाकडे उतरत होती, गावाकडून वर चढत नव्हती. राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला. नव्या राज्याला आधी हुद्द्यांची नावे हवी होती, हे समजण्यासारखे आहे. पुढे एकेका शास्त्राचे परिभाषा कोश झाले, आणि त्यांत कष्ट करणाऱ्या विद्वानांविषयी मला आदर आहे. पण परिभाषा घडवण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली, ती अशी : समोर इंग्रजी शब्द ठेवायचा, मागे संस्कृत धातू बघायचा, आणि दोघांच्या मध्ये जो माणूस रोज ते काम करतो त्याला विचारायचे नाही.

याचा एक अनुभव माझ्याही वाट्याला आला. एका संस्थेला तांत्रिक शब्दांच्या संग्रहासाठी मदत हवी होती म्हणून मी माझ्या वह्यांतली निवडक पाने स्वच्छ लिहून पाठवली. काही महिन्यांनी ती परत आली. ‘शब्द बोलीतील व बरेचसे परकीय मूळचे असल्याने प्रमाण परिभाषेस उपयुक्त नाहीत,’ असा शेरा होता. तेव्हा राग आला. आज तो शेरा मी एक चांगला पुरावा म्हणून जपून ठेवला आहे.

कुणी म्हणेल, हा संस्कृतवरचा राग आहे. नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की आपली परिभाषा पुरेशी संस्कृत नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकात, शय्या आणि आसने यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. पलंग कोणत्या लाकडाचा करावा याची तिथे यादी आहे. त्यात शाक म्हणजे आपला साग आहे, शिंशपा म्हणजे शिसव आहे, काश्मरी म्हणजे शिवण आहे. राजाचा पलंग शंभर अंगुळे, राजपुत्राचा नव्वद, मंत्र्याचा चौऱ्याऐंशी, सेनापतीचा अठ्ठ्याहत्तर, पुरोहिताचा बहात्तर. आधी दहा आणि मग सहासहा अंगुळांनी उतरणारी ही हुद्द्यांची शिडी वाचून हसू येते. आजच्या कचेऱ्यांत साहेबाच्या टेबलाची लांबी अशीच उतरत जाते.

पण या अध्यायातला माझ्या कामाचा भाग पुढे आहे. लाकडात सापडणाऱ्या छिद्रांचे वराहमिहिर सहा प्रकार सांगतो : निष्कुट, कोलाक्ष, सूकरनयन, वत्सनाभ, कालक आणि धुंधुक. आत घागरीसारखे पोकळ आणि तोंडाशी अरुंद ते निष्कुट. सूकरनयन म्हणजे डुकराचा डोळा, वत्सनाभ म्हणजे वासराची बेंबी. शकुन-अपशकुनाचा भाग सोडून द्या. ही नावे कोणत्या पंडिताने आसनावर बसून घडवलेली नाहीत. रोज लाकूड उलटेपालटे करून बघणाऱ्या, गोठ्यात वावरणाऱ्या माणसांच्या तोंडची ही नावे आहेत आणि वराहमिहिराने ती ऐकली, निदान ज्यांनी ऐकली त्यांचे ग्रंथ वाचले. अकराव्या शतकातला भोजाचा ग्रंथ तर ‘समरांगणसूत्रधार’ या नावानेच सूत्रधाराला पुढे करतो. त्यातही शय्या-आसनांचा विचार आहे. सूत्रधार म्हणजेच सुतार, गेरूत बुडवलेले सूत ताणून लाकडावर रेघ उमटवणारा. (‘सुतासारखा सरळ’ हा वाक्प्रचार ज्याने ती रेघ उमटताना पाहिली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.) ज्या संस्कृतने डुकराचा डोळा आणि वासराची बेंबी यांना शास्त्रात जागा दिली, तिच्या नावावर आपण लाकडातल्या प्रत्येक पोकळीला नुसते ‘छिद्र’ म्हणतो, ही खरी गंमत आहे.

आता ‘फर्निचर’ या शब्दाकडे वळतो. परिभाषेच्या रीतीचे यश-अपयश त्यात नेमके दिसते. सरकारी कागदांत फर्निचरला ‘उपस्कर’ असे म्हणतात. निविदांच्या जाहिरातींत हा शब्द मी अनेकदा वाचला आहे. कुणाच्या तोंडून एकदाही ऐकलेला नाही. संस्कृतात उपस्कर म्हणजे घरकामाला लागणारे साहित्य, स्वयंपाकातला मसालाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी नकळत जीवहत्या होते अशा पाच जागा सांगितल्या आहेत : चूल, जाते, उपस्कर, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. तिथल्या उपस्कराचा अर्थ टीकाकार केरसुणीसारख्या वस्तू असा लावतात. केरसुणीचा शब्द सोफ्याला दिला म्हणून मी बोट ठेवत नाही, शब्दांचे अर्थ सरकतातच. आक्षेप निराळा आहे. मराठीत फर्निचरला एक शब्द का नव्हता, हा प्रश्न ‘उपस्कर’ घडवताना कुणी विचारला नाही.

शब्द नव्हता, कारण ती जातच नव्हती. आपल्या जुन्या घरात पाट होता, चौरंग होता, घडवंची होती, मांडणी होती, काठवट होती, बाज होती, माचा होता, झोपाळा होता. यांतली प्रत्येक वस्तू घरातल्या एका कृत्याशी बांधलेली. पाट जेवणाऱ्याचा, चौरंग पूजेचा, घडवंची पाण्याच्या भांड्यांची, काठवट पिठाची. काठवट आणि चौरंग दोन्ही लाकडाचेच म्हणून एका शब्दात कोंबावेत, असे कुणाला सुचण्याचे कारण नव्हते. माझ्या आजीला काठवट फर्निचर आहे असे सांगितले असते, तर तिने कपाळाला हात लावला असता. शिवाय यातले पुष्कळसे सामान काम झाल्यावर उचलून भिंतीला टेकवायचे असे. खोली कशाची आहे ते सामान ठरवत नसे, वेळ ठरवत असे. तीच ओटी सकाळी शाळेची, दुपारी झोपायची, रात्री भजनाची.

मग दिवाणखाना आला आणि त्यात न हलणाऱ्या वस्तू आल्या. टेबलाभोवती खुर्च्या, भिंतीशी कपाट, कोपऱ्यात तिवई. या सगळ्या मिळून खोलीला एक अर्थ देऊ लागल्या, तेव्हा त्यांना मिळून एक नाव लागले आणि ज्यांच्याकडून ती खोली आली त्यांच्याकडूनच ते नावही आले. ‘फर्निचर’ हा शब्द मराठीने उसना घेतला तो शब्द कमी पडला म्हणून नव्हे, राहण्याची एक तऱ्हा उसनी घेतली म्हणून. त्या जागी ‘उपस्कर’ ठेवून तऱ्हा बदलत नाही.

कपाटाची गोष्ट तर आणखी मजेची. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. बद्रीनाथ-केदारनाथाचे ‘कपाट उघडले’ असे हिंदी बातमीत ऐकून मराठी माणूस क्षणभर गोंधळतो, कारण त्याला डोळ्यांपुढे लोखंडी कपाट दिसते. त्याच कपाटाचे लोकांच्या तोंडी ‘कवाड’ झाले आणि ते मराठीत दारच राहिले. तत्सम शब्द घरात शिरून सामान झाला, तद्भव बाहेर दाराशी उभा राहिला. त्याआधी घराघरांत भिंतीतच फडताळ असे. त्याला फक्त झडपा लावायच्या. झडपांसकट ते भिंतीतून बाहेर येऊन उभे राहिले, तेव्हा नाव दाराच्या फळीचे मिळाले. विदर्भात त्यालाच आलमारी म्हणतात, ती मूळची पोर्तुगीज, हिंदी वाटेने आलेली. तिकडे सुतारही वाढई असतो. वर्धकी या संस्कृत शब्दाचा तो नातू, हिंदीतल्या बढईचा भाऊ. गोव्याकडे तोच मेस्त होतो, आणि मेस्त व मिस्त्री दोन्ही पोर्तुगीज मेस्त्रेची लेकरे.

इथेच आता मला माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचे आहे. सुतारकीचे शब्द म्हटले की आमच्यातली काही मंडळी हळवी होतात : आपली अस्सल मराठी, मातीतले शब्द, इंग्रजीने मारलेले. मी स्वतः सुरुवातीला वह्या भरल्या त्या याच भावनेने. मग एकेका शब्दाचे मूळ पाहत गेलो आणि भावना उतरत गेली. रंधा फारसी. मेख फारसी. खुर्ची अरबी. मेजही फारसी, आज ते टेबलापुढे हरले असले तरी मेजवानीत अजून ठाण मांडून आहे. बिजागरी पोर्तुगीज ‘बिझाग्रा’ची. बसायचा बाकही पोर्तुगीज ‘बांको’चा. आसगावात जन्मलेल्या मोन्सिन्योर दाल्गादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर जो ग्रंथ लिहिला, तो वाचताना आपल्या घराचे दारखिडकीपर्यंतचे सामान जहाजातून उतरताना दिसते. गिरमिट इंग्रजी गिम्लेटचे. करवत मात्र करपत्रापासून आलेली, घरचीच; वैदर्भीय लुगड्याच्या करवतकाठीवर तिचे दात अजून विणले जातात. आणि तासणे हे क्रियापद ज्या तक्ष् धातूचे, त्याच मुळापासून ग्रीक भाषेत सुताराला तेक्तोन म्हणत.

ग्रीक आलेच आहे तर गुण्याबद्दल सांगतो. काटकोन तपासायचे हे साधन गवंडी आणि सुतार दोघांकडे असते. लहानपणी मला वाटे, गुण दाखवतो तो गुण्या. हा शब्द फारसीत ‘गुनिया’ आहे आणि फारसीत तो ग्रीक ‘गोनिया’पासून गेला, गोनिया म्हणजे कोन. शाळेत मुलांना छळणाऱ्या ट्रिगॉनॉमेट्रीतला ‘गॉन’ तोच. म्हणजे सातवीतून शाळा सुटलेले माझे वडील रोज सकाळी एक ग्रीक शब्द हातात घेऊन कामाला जात होते, आणि तो परका आहे असे त्यांना कुणी सांगितले असते तर ते म्हणाले असते, असेल, पण खरा आहे ना? ‘खरा’ म्हणजे नव्वद अंशांचा.

सुतारकीची भाषा शुद्ध कधीच नव्हती. जे हत्यार आले ते नावासकट आले, ज्याने शिकवले त्याचा शब्द राहिला. खुर्चीला ‘आसंदी’ हा वैदिक शब्द सुचवणारे लोक आहेत, काही जण तो निष्ठेने वापरतातही. पण खुर्ची मराठीत इतकी रुतली आहे की ती आता लाकडाची नसून सत्तेची असते. शुद्धिवादी आणि स्मरणरंजनवाले दोघेही शब्दाचा जन्मदाखला पाहतात. कामाच्या जागी शब्दाचे एकच पाहिले जाते : तो मागितल्यावर बरोबर तीच वस्तू हातात येते का.

मग शब्द मरतात कशाने? इंग्रजीने, असे आपण सवयीने म्हणतो. वखारीतल्या माझ्या नोकरीच्या काळात मी ते मरताना बघितले आहेत आणि माझे निरीक्षण वेगळे आहे. शब्द मेले ते प्लायवूडने. प्लायमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते सहसा उलत नाही. बाक, पीळ, उलणे या क्रियांना तिथे फारसे काम उरत नाही. प्लायला सुलटी-उलटी रेघ पाहून रंधा मारावा लागत नाही. मुळात रंधाच लागत नाही, वरून सनमायका चिकटतो. कुसू-खाचेच्या जागी स्क्रू आणि फेव्हिकॉल आले. कुसू गेले म्हणून किंकरे गेले, किंकरे गेले म्हणून मोगरी गेली. साखळीतली एक कडी निघाली की पुढच्या आपोआप गळतात. त्यांच्या जागी एज, चॅनल, बिडिंग हे शब्द आले, पण त्यांनी जुन्यांना हुसकावले नाही. जागा आधीच रिकामी झाली होती. नवा माल नवे वाक्प्रचारही देतो. फेव्हिकॉल बाजारात आले १९५९ साली, आणि आज ‘फेव्हिकॉलचा जोड’ कोणत्याही अभंग मैत्रीला लागतो. लक्षात घ्या, या जोडाला आपण वैरी केले नाही. पाचरीला जे मिळाले नाही ते डब्यातल्या गोंदाला मिळाले, कारण तो आपण स्वतः हाताने लावून पाहिला आहे.

एक शब्द मात्र या सगळ्यातून तगला आहे : सूत. सुताराच्या तोंडी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देशात दशमान पद्धत येऊन साठ वर्षांहून अधिक काळ झाला. प्लायची जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, लांबी-रुंदी अजून आठ बाय चार फूट सांगतात, आणि बसवताना मिस्त्री म्हणतो, दोन सूत काढायला हवे. एकाच फळीवर तीन मापे नांदतात. सूत टिकले, कारण डोळ्याला दिसणारा आणि हाताला कळणारा सर्वांत लहान फरक तेवढाच आहे. मिलिमीटर मोजावा लागतो, सूत दिसते.

आणि आपण, म्हणजे या अंकाचे वाचक-लेखक, आपले काय? मराठी समीक्षा उघडा. कथेची चौकट, कादंबरीची बांधणी, प्रसंगांचे सांधे, तासीव शैली, घडीव वाक्य, गुळगुळीत भाषा, खिळखिळे कथानक. सुतारशाळेतून आपण एवढे सामान उचलून आणले आहे. पण उचलताना फरक तिथेच ठेवून आलो. समीक्षक ‘सांधे निखळले आहेत’ म्हणतो, तेव्हा सांधा कसला होता हे सांगत नाही. खाच मोठी झाली होती की कुसू बारीक? लाकूड ओले होते म्हणून नंतर आक्रसले, की पहिल्या दिवसापासून फट होती? पहिला दोष हाताचा, दुसरा घाईचा, तिसरा बेफिकिरीचा. लेखकाला यांतला कोणता लागू पडतो ते कळले तर त्याला काही उपयोग. मी मोठ्या समीक्षकांचे लेखन वाचत शिकलो, त्यांना शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण ‘बांधणी सैल आहे’ हे वाक्य वाचले की मला अजून ‘सुताराचे एक हत्यार’ ही व्याख्या आठवते.

वडील शब्द सांगत नसत. हे काय, असे विचारले की ती वस्तू हातात देत आणि पुढच्या कामाला लागत. माझ्या वह्यांतले बरेचसे शब्द मी त्यांच्याकडून नव्हे, त्यांच्या मागे राहिलेल्या त्यांच्या जोडीदारांकडून मिळवले. ते गेल्यावर पेटी माळ्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराचे काम काढले, तेव्हा गोरखपूरकडचा एक तरुण मिस्त्री आला. त्याची सगळी हत्यारे विजेची. बिजागरीला तो ‘कब्जा’ म्हणे, आणि ‘दरवाजे पे कब्जा लगाना है’ हे त्याचे वाक्य ऐकून माझी बायको पहिल्या दिवशी दचकली. तिसऱ्या दिवशी ओट्याखालची चौकट बसवताना त्याने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, ‘काका, गुनिया मिलेगा? मेरा साइट पे छूट गया.’

मी माळ्यावर चढलो आणि वडिलांचा शिसवी गुण्या काढून, धूळ पुसून त्याच्या हातात दिला. त्याने तो लगेच वापरला नाही. प्लायच्या सरळ कडेला तो टेकवून पेन्सिलीने रेघ ओढली, मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ ओढली. टोकाशी दोन रेघांत केसभर जागा राहिली. ‘पाव सूत भी नहीं है,’ तो म्हणाला, ‘पर है.’ मग त्याने पिशवीतून कानस काढली, खिडकीशी उजेडाला बसला आणि आतल्या कडेवरून दोनदा, अगदी हलक्या हाताने फिरवली. पुन्हा दोन रेघा ओढल्या. या खेपेला एकच दिसली.